एकाच रानातली दोन पोती : बियाणं नेमकं कधी बिघडतं?

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे, कराड तालुक्यात कृष्णेकाठच्या काळ्या रानात, एक गंमत झाली. आता गंमत म्हणवतं, तेव्हा तात्यांचा चेहरा बघवत नव्हता. अण्णा आणि तात्या, म्हणजे माझे वडील आणि चुलते, दोघांनी घरचंच सोयाबीन पेरलं. वाण एक, रान एक, मळणी मशीन एक, पोती ठेवली ती खोलीसुद्धा एक. अण्णांचा तुकडा सहाव्या दिवशी ओळीनं हिरवा झाला. तात्यांच्या तुकड्यात चार पावलांवर एक रोप. तात्यांनी आधी पावसाला दोष दिला, मग खताला, मग पाखरांना. शेवटी म्हणाले, "एकाच पोटची पोरं ही. एक शिकलं, एक वाया गेलं."

उत्तर सापडलं ते आदल्या ऑक्टोबरात. अण्णांचा तुकडा पावसाच्या आधी कापून झाला होता. मजूर दुसऱ्यांच्या सुगीला गेले, मधे तीन दिवस परतीचा पाऊस झाला, आणि तात्यांचं सोयाबीन शेंगा पिकलेल्या अवस्थेत उभ्यानं भिजलं. आठवड्यानं ते कापलं आणि उशीर झाला म्हणून घाईनं सिमेंटच्या खळ्यावर कडक उन्हात वाळवलं. पोत्यात भरताना दाणा किंचित निस्तेज होता, एवढंच. बाजारात नेला असता तर दोन्हींना जवळपास सारखाच भाव मिळाला असता.

इथंच या विषयाची मेख आहे. व्यापाऱ्याला दाणा हवा असतो, पेरणाऱ्याला दाण्याच्या आतला जीव. धान्य चांगलं म्हणजे किडकं नाही, कुजकं नाही, वजनदार आहे. बियाणं चांगलं म्हणजे ते जिवंत आहे, आणि नुसतं जिवंत असून भागत नाही, मातीचा थर फोडून वर यायची ताकद त्यात शिल्लक पाहिजे. ती ताकद गेलेली डोळ्यांना दिसत नाही. मेलेला दाणा पोत्यात जिवंत दाण्याशेजारी आठ महिने तसाच टपोरा बसून राहतो.

दाणा सगळ्यात ताजा कधी असतो?

आपल्याला वाटतं, दाणा वाळला की तो तयार झाला. झाडाच्या हिशेबानं तो त्याच्या बराच आधी तयार झालेला असतो. झाडाकडून दाण्यात अन्नरस यायचा थांबतो, तो दिवस म्हणजे त्याची खरी पक्वता. वजन तेव्हा सगळ्यात जास्त आणि उगवायची ताकदही तेव्हाच सगळ्यात जास्त. सोयाबीनमध्ये त्या दिवशी दाण्यात निम्म्याहून अधिक पाणीच असतं. ज्वारीत हा क्षण डोळ्यांनी ओळखता येतो. दाणा कणसातून काढून त्याचं बूड बघा, तिथं बारीक काळा ठिपका आला असेल तर झाडाशी नाळ तुटली. मक्याच्या दाण्यालाही तसाच काळा थर येतो.

त्या दिवसापासून पुढं दाणा झाडावर असला तरी झाड त्याला काही देत नाही. तो फक्त तिथं ठेवलेला असतो, जशी पोती खोलीत ठेवतात तसा. फरक एवढाच, की या खोलीला छप्पर नाही, रात्री दव पडतं, दुपारी ऊन भाजतं आणि मधूनच सर येते. म्हणजे साठवण सुरू होते ती शेतातच, आणि सगळ्यात वाईट गोदाम म्हणजे उभं रान. बियाण्यात या तारखेनंतर कुणी, कशानंही, भर घालू शकत नाही. वाळवणी, पोती, औषधं, थंड खोली, हे सगळं झीज हळू करण्यापुरतं असतं.

मग त्याच दिवशी का कापत नाही? कारण पन्नास टक्के पाण्याचा दाणा मळता येत नाही, त्याचा लगदा होतो. म्हणून थांबावंच लागतं. सोयाबीनची पानं गळून शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्या, हलवल्यावर आत दाणा वाजू लागला, की ओल पंधरा टक्क्यांच्या आसपास आलेली असते. आपल्या हातात असतात ते मधले दहा-पंधरा दिवस. ते कोरडे गेले तर बियाणं अण्णांचं, ओले गेले तर तात्यांचं.

भिजून वाळणं नुसत्या भिजण्यापेक्षा वाईट

वाळलेला दाणा म्हणजे झोपलेला जीव. झोपायच्या आधी त्यानं आतली आवराआवर केलेली असते, पेशींची पातळ आवरणं घडी घालून ठेवल्यासारखी असतात. पाऊस लागला की दाणा पाणी पितो आणि त्याला वाटतं पेरणी झाली. आत यंत्रणा चालू होते, साठवलेली साखर वापरली जाते. दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, दाणा पुन्हा वाळतो, चालू झालेलं काम अर्ध्यात बंद पडतं. असं दोन-तीनदा झालं की घडी विसकटते.

मोड दिसेपर्यंत गोष्ट गेली तर संपलंच. मुळी एकदा वाढायला लागली की पुन्हा वाळणं सोसायची दाण्याची कुवत जाते. शेंगेत मोड आलेला आणि मग उन्हानं सुकलेला दाणा मेलेला असतो, मोड गळून पडला आणि दाणा वरून बरा दिसला तरी. पण तात्यांच्या सोयाबीनला मोड आले नव्हते. मोड येण्याच्या अलीकडे थांबलेलं हे नुकसान फसवं असतं, कारण लगेच तपासलं तर असं बियाणं बऱ्यापैकी उगवतंही.

बाहेरचं नुकसान वेगळं. सोयाबीनचं टरफल अगदी पातळ. भिजलं की ते ताणतं, वाळलं की आकसतं आणि आतला दाणा त्याच मापात परत बसत नाही, म्हणून सालीवर सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्यांतून बुरशी आत शिरते. काही दाण्यांवर जांभळे डाग दिसतात, तेही सर्कोस्पोरा नावाच्या बुरशीचं काम.

२०१९च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रभर परतीच्या पावसानं काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. शेंगांत मोड आलेल्या सोयाबीनचे फोटो तेव्हा रोज पेपरात होते. तेच भिजलेलं पीक २०२०चं बियाणं होतं. त्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. भांडण पेटलं जूनमध्ये. काडी पडली होती ऑक्टोबरात.

सोयाबीन एवढं नाजूक का?

माणदेशात, दहिवडी-म्हसवडकडे किंवा तिकडं जत-आटपाडीला रब्बीची ज्वारी काढतात ती फेब्रुवारी-मार्चात. हवा कोरडी, आकाश मोकळं. कणसं खळ्यावर निवांत वाळतात. तिथल्या म्हाताऱ्यांना बियाणं न उगवण्याची गोष्ट सांगितली तर त्यांना नवल वाटतं. ज्वारीच्या नशिबात ती कोरडी हवा आहे. सोयाबीनची काढणी नेमकी पाऊस परतायच्या वेळी येते आणि पेरणीला आठ महिने असतात. त्या आठ महिन्यांत आख्खा उन्हाळा येतो.

पण हवा बाजूला ठेवली तरी बांध्यात फरक आहेच. सोयाबीनचा दाणा हातात घ्या. जिथं तो शेंगेला चिकटलेला असतो त्या डोळ्याशेजारी सालीखाली एक बारीक उंचवटा दिसेल. तीच मुळी, उद्याचं झाड. ती दाण्याच्या पोटात लपलेली नसते, कागदासारख्या सालीखाली कडेला असते. दाणा आपटला की मार थेट तिलाच. भाताला फोलाचं चिलखत आहे. भुईमुगाला शेंगेचं आहे, म्हणूनच जुनी माणसं बियाण्याच्या शेंगा शेंगाच ठेवायची आणि पेरायच्या तोंडावर फोडायची. सोयाबीनला असं काहीच नाही.

शिवाय त्यात तेल, अठरा-वीस टक्के. डब्यातले शेंगदाणे जुने झाले की खवट लागतात, तीच क्रिया बियाण्यात होते. तेलाचा हवेशी संयोग होतो आणि पेशींची आवरणं, जी स्वतः स्निग्ध पदार्थांचीच असतात, सडकी होतात. अशा दाण्याला पाण्यात टाकलं तर आतली साखर बाहेर झिरपते. मातीतही तेच होतं, आणि त्या साखरेवर बुरश्या जमतात. दाणा उकरून बघितला तर कुजलेला सापडतो आणि आपण म्हणतो बुरशीनं खाल्लं. बुरशी नंतर आली, आधी भिंतीला भोक पडलं होतं.

नियमांनीही हे मान्य केलंय. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण गव्हाला ८५ टक्के लागते, भाताला ८०, ज्वारीला ७५. सोयाबीनला ७० चालते.

मशीन

मळणीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पाऊस आपल्या हातात नाही, मशीन आहे.

मळणीवाल्याला दिवसात जास्त पोती पाडायची असतात. त्याचा दर पोत्यावर असतो, त्यामुळं तो ड्रम जोरात फिरवणार, त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. पण त्या वेगाला दाणा तडकतो. सोयाबीनच्या बियाण्यासाठी ड्रमचा वेग मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांच्या वर नको. पुली बदलून तो कमी करता येतो. पोत्यात डाळ झालेले दाणे दिसायला लागले तर वेग जास्त आहे हे नक्की, आणि डाळ झालेला प्रत्येक दाणा दिसतो तेव्हा न दिसणारी चीर पडलेले दाणे त्याहून जास्त असतात.

दाण्याच्या ओलीचाही यात हात आहे. जास्त ओला दाणा, पंधरा टक्क्यांच्या वरचा, फुटत नाही पण आतून ठेचला जातो, केळ्याला मुका मार लागतो तसा. फार कोरडा, दहाच्या खालचा, काचेसारखा तडकतो. बारा-तेराच्या आसपास तो मार सोसतो. सकाळी दव असताना मळू नये आणि भर दुपारी दाणा खडखडीत असतानाही बियाण्याचं मळू नये, यामागं एवढंच आहे.

चीर पडलीय का, हे घरी बघता येतं. शंभर दाणे पाण्यात टाका. पाच-दहा मिनिटांतच जे टम्म फुगतील ते तडकलेले. साबूत सालीतून पाणी इतक्या लवकर आत जात नाही. पाच-सात फुगले तर चालतं, वीस-पंचवीस फुगले तर ती रास बियाण्याची नाही.

माझं स्पष्ट मत असं, की बियाण्याचं मशीनमध्ये घालूच नये. एकरी तीस किलो बियाणं लागतं. दोन एकरांना साठ किलो, थोडं जास्त धरून एक क्विंटल. एवढं तर काठीनं बडवून एका दिवसात निघतं. आपण सगळी रास मळतो आणि नंतर त्यातली दोन पोती "बियाण्याला" म्हणून बाजूला ठेवतो. खरं तर रानातच ठरवायला पाहिजे. न लोळलेला, तणाविना, एका वाणाचा चांगला पट्टा आधी निवडायचा, तो आधी कापायचा, वेगळा वाळवायचा, वेगळा बडवायचा. पाऊस येतोय म्हटल्यावर सगळं वाचवता येत नाही, दहा गुंठे वाचवता येतात. सोयाबीन स्वपरागी पीक, म्हणजे फूल आपल्याच परागानं फळतं, त्यामुळं सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं घरचं बियाणं तीन वर्षं वापरता येतं. आपल्याच सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात तयार झालेले फुले संगम, फुले किमया हे वाण असेच आहेत. त्यांच्या क्रमांकाआधी लिहितात ते केडीएस म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन, हे गंमत म्हणून लक्षात ठेवायला हरकत नाही.

ओला दाणा उन्हात उकडतो

तात्यांची दुसरी चूक सगळेच करतात. माल जितका ओला तितकं कडक ऊन द्यायचं, असं आपलं साधं गणित. बियाण्याचं गणित बरोबर उलटं आहे. ओला दाणा तापला की उकडतो, कोरडा दाणा नुसता तापतो. ओल असलेल्या दाण्यातली प्रथिनं कमी उष्णतेलाच आळतात, अंड्याच्या बलकासारखी. म्हणून अठरा टक्क्यांच्या वर ओल असेल तर दाण्याचं तापमान ३२ अंशांच्या पुढं जाऊ नये, दहा ते अठराच्या दरम्यान असेल तर ३७-३८ पर्यंत चालतं, आणि दहाच्या खाली गेल्यावरच ४३ सोसतं. ऑक्टोबर हीटमध्ये सिमेंटच्या खळ्यावर दुपारी अनवाणी उभं राहून बघा. पाय ठेववत नाही तिथं आपण बियाणं ठेवतो.

भराभर वाळवण्याचा आणखी एक तोटा. बाहेरचा थर आधी वाळून आकसतो, आत अजून पाणी असतं, आणि साल फाटते. पाटण-शिराळ्याकडच्या भातात हेच होतं. दाण्याला आडव्या चिरा पडतात आणि गिरणीत तांदळाची कणी होते. घरोघरी हे माहीत आहे, फक्त कारण ऊन हे कुणी सांगत नाही.

मग वाळवायचं कसं? दाणा उन्हानं वाळतो असं दिसतं, पण वाळवते ती हवा. हवा कोरडी असली तर सावलीतही वाळतो, हवा दमट असली तर उन्हातही अडून बसतो. पहिले एक-दोन दिवस ओला माल सावलीत किंवा कोवळ्या उन्हात, वारा खेळेल तिथं, ताडपत्रीवर दोन-तीन बोटांच्या थरात पसरायचा आणि तासातासाला हलवायचा. मग ओल उतरली की ऊन वाढवायचं. खाली ताडपत्री हवी, नाहीतर जमिनीची ओल खालून चढते. दव उडाल्यावर पसरायचं, ऊन कलायच्या आत गोळा करायचं. पंखा लावणार असाल तर दुपारी लावा. रात्रीच्या दमट हवेचा पंखा दाण्याला परत पाणी पाजतो.

आणि रात्रीचं झाकण! ओल्या ढिगावर ताडपत्री घट्ट गुंडाळून आपण निवांत झोपतो. ढीग झोपत नाही. ओला दाणा श्वास घेतो, त्यातून उष्णता निघते आणि पाणी निघतं. पहाटे ताडपत्री उचलली की आतून थेंब लटकत असतात, ते पावसाचे नाहीत, दाण्याचे आहेत. ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघा. गरम लागला तर त्या रात्रीच बियाण्याचं काही आयुष्य जळालं. वर गोणपाट, त्यावर ताडपत्री, आणि कडा थोड्या उघड्या, असं बरं पडतं.

किती वाळलं हे बघायला मीटर नसेल तर मिठाचा उपाय आहे. कोरडी काचेची बाटली, त्यात तिसरा हिस्सा बियाणं आणि दोन-तीन चमचे चांगलं वाळवलेलं मीठ. जोरात हलवून दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधराच्या वर आहे, पोती शिवू नका. मीठ सुटं राहिलं तर ती पंधराच्या आत आली. तिथून बियाण्याला अजून दोन-तीन टक्के उतरवायचे असतात. तिथं जुन्या माणसाचा दात कामाला येतो. दाणा चावल्यावर दबला तर ओला, कट्ट आवाज करून दोन तुकडे झाले तर झालं.

एका टक्क्याची किंमत

हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन बीजशास्त्रज्ञानं एक सोपा आडाखा घालून दिलाय. बियाण्यातली ओल एक टक्क्यानं कमी केली की त्याचं साठवणीतलं आयुष्य दुप्पट होतं. साठवणीचं तापमान पाच अंशांनी कमी केलं तरी दुप्पट होतं. हे ५ ते १४ टक्के ओलीच्या पट्ट्यात लागू पडतं. हिशेब करून बघा. तेरा टक्क्यांवर भरलेलं बियाणं आणि दहावर भरलेलं बियाणं, फरक तीन टक्क्यांचा, आयुष्यात आठ पटींचा. पत्र्याच्या खोलीत ३५ अंशांत ठेवलेलं आणि कौलारू सोप्यात २५ अंशांत ठेवलेलं, चार पटींचा. ज्या खोलीत मे महिन्यात आपल्याला झोपवत नाही तिथं बियाणंही सुखात नसतं.

पण म्हणून एकाच टक्केवारीनं सगळी धान्यं मोजू नयेत. तेलात पाणी मुरत नाही. म्हणून तेलाच्या दाण्यात जेवढं पाणी असतं ते सगळं उरलेल्या भागात कोंबलेलं असतं. सत्तर टक्के आर्द्रतेच्या हवेत गहू साधारण चौदा टक्क्यांवर स्थिरावतो, सोयाबीन बाराच्या आसपास, शेंगदाणा सात-आठवर. तिघेही बुरशीला सारखेच "ओले" असतात. त्यामुळंच प्रमाणित बियाण्याच्या मानकांत साध्या पोत्यातल्या गव्हाला बारा टक्के ओल चालते आणि भुईमुगाला नऊच.

हवेचा हा हिशेब आपल्या जिल्ह्यात फार मजेशीर होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला पाचशेच्या आत. गोणपाटाचं पोतं श्वास घेतं, बाहेर जशी हवा तसा आतला दाणा. म्हसवडला दहा टक्क्यांवर भरलेलं पोतं उन्हाळाभर तसंच राहील. तेच पोतं जावळीत किंवा पाटणच्या वरच्या अंगाला नेलं तर वळीव सुरू झाल्यावर आठ-पंधरा दिवसांत दाणा परत पाणी ओढून घेईल. तिकडं हवाबंद पिशवी उपयोगी पडते, पण एका अटीवर. दाणा आधी पक्का वाळलेला पाहिजे. ओला दाणा प्लास्टिकमध्ये बंद करणं म्हणजे वरच्या ताडपत्रीचाच प्रकार, फक्त आठ महिने.

पेवांची आठवण इथं निघतेच. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीतल्या पेवांत, म्हणजे साठवणीच्या खोल खड्ड्यांत, हळद ठेवायची पद्धत होती, २००५च्या पुरानं त्यातली पुष्कळ पेवं खराब केली. जमिनीत हवा कोंडली की कीड जगत नाही, पेवाची ताकद ती. पण मातीची ओल आणि कोंदट हवा यात दाणा खायला टिकला तरी उगवायला टिकेल याची खात्री नाही. बियाण्याची कणसं म्हणून चुलीवरच्या आढ्याला टांगायची रीत होती. तिथली हवा घरात सगळ्यात कोरडी, आणि धुरानं किडा जवळ येत नाही. काजळी धरलेलं ते कणीस आमच्या आजीनं कुणाला हात लावू दिलं नाही कधी.

किडीचं थोडक्यात. ज्वारी-गव्हात सोंडकिडा, हरभऱ्यात भुंगेरा. दोन्हींना ओल लागते, नऊ टक्क्यांच्या खाली त्यांची पैदास मंदावते. कडधान्याच्या भुंगेऱ्याची अंडी कित्येकदा रानातच शेंगांवर घातलेली असतात, म्हणजे काढणीला उशीर झाला तर आपणच त्याला पोत्यात बसवून घरी आणतो.

कोठीत भरणाऱ्यांनी एक सांभाळावं. उन्हातून गोळा केलेला गरम दाणा तसाच कोठीत ओतू नये. थंडीत कोठीचा पत्रा रात्री गार होतो, आतली गरम हवा फिरत राहते आणि तिच्यातलं पाणी वरच्या थरात उतरतं. दोन महिन्यांनी झाकण उघडल्यावर वर पापडी धरलेली दिसते आणि आपण म्हणतो छप्पर गळलं. संध्याकाळभर पसरून निवू द्यावा आणि मग भरावा. पोत्यांची थप्पी सहा-सातच्या वर नको, खाली फळ्या, भिंतीपासून हातभर लांब, आणि शेजारी खताची पोती नकोत, युरिया हवेतलं पाणी ओढतो. हमालानं पोतं खांद्यावरून धप्पकन टाकलं तर खालची मुळी पुन्हा तीच, कागदी सालीखालची.

आकडा घसरतो कधी?

बियाण्याची उगवण दर महिन्याला थोडी थोडी कमी होत जाते असं नाही. ती बरेच दिवस वरच राहते आणि मग एकदम कोसळते. डिसेंबरात तात्यांचं बियाणं तपासलं असतं तर ते बहुतेक पासही झालं असतं. ताकद मात्र आधीच उतरलेली असते. म्हणजे ओल्या गोणपाटात, उबेत, लाडात ते उगवतं, पण रानात ढेकळाखाली, पावसानं बसलेल्या पपडीखाली त्याला वर येववत नाही. म्हणून चाचणी दोनदा करावी, एकदा मार्च-एप्रिलात, एकदा पेरणीआधी आठवड्यावर. दुसरीचा आकडा पहिलीपेक्षा बराच खाली आला असेल तर बियाणं घसरणीला लागलंय, पेरणीपर्यंत अजून खाली जाईल असं धरून चालावं.

पोत्याच्या वरून, मधून, बुडातून मूठमूठ घेऊन त्यातले न निवडता शंभर दाणे मोजायचे. निवडून टपोरे घेतले की परीक्षेत कॉपी झाली. भिजवून पिळलेल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी, वर दुसरं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, रोज पाण्याचा हबका. सहा-सात दिवसांनी मोजायचं. मूळ आणि कोंब दोन्ही सरळ, धडधाकट असतील तेच धरायचे. आखूड, वाकडे, नुसतं फुगून बसलेले सोडून द्यायचे. असं तीनदा करून सरासरी काढली तर भरवसा ठेवता येतो.

सत्तर आले तर एकरी तीस किलो. पासष्ट आले तर तीसला सत्तरनं गुणून पासष्टनं भागा, सव्वाबत्तीस किलो येतात. साठला पस्तीस. त्याच्या खाली हे गणित मी करत नाही, कारण जे उगवतील तेही अशक्तच असतात, दाट पेरून त्यांना बळ येत नाही. आणि फार वाळलेलं, आठ टक्क्यांवर आलेलं बियाणं तुडुंब ओल्या रानात टाकू नये. कोरडा दाणा एकदम पाणी ओढतो आणि आतल्या आत फाटतो. वापसा येईपर्यंत, म्हणजे रानातलं जास्तीचं पाणी उतरेपर्यंत, थांबलेलं बरं.

औषध चोळायचं ते चाचणीनंतर. आधी चोळलं आणि आकडा पन्नास आला, तर ते पोतं पेरताही येत नाही आणि बाजारात नेताही येत नाही. तात्यांची अजून दीड पोती शिल्लक होती, औषध न लावलेली. ती त्यांनी त्याच आठवड्यात मार्केट यार्डात नेऊन विकली, आणि भाव बरा मिळाला.